हरकत

ओसाड घराची भिंत शेवटी पडलीच. पडली ती थेट शेजारच्या घरातल्या पाळण्यावर. बाळ नेमकं आईच्या मांडीवर दूध पीत होतं, म्हणून वाचलं.

पालिकेच्या इंजिनीअरबाई पोचल्या तेव्हा ती आई विटांखालून पाळण्याची दोरी ओढत होती. घरात शिवणकाम करून पोट भरणारी बाई. शेजारच्या या पडक्या घराची तक्रार घेऊन तिने पालिकेच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आज ती नुसती दोरी ओढत राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर इंजिनीअरबाईंना बरं वाटलं असतं.

या ओसाड घरापायी त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. छप्पर खचलेलं, खिडक्यांतून झाडं बाहेर आलेली, आत उंदीर-घुशींचं राज्य. मालक दोघं, सख्खे बहीणभाऊ. घर पाडायचं ठरलं की दोघांपैकी एकाची हरकत ठेवलेलीच. कधी मोजणी चुकली, कधी अंगणाचा वाटा, कधी नुसती दाराची चौकट. प्रत्येक वेळी भाऊ परगावाहून यायचा. दोघं पालिकेत बसून संध्याकाळपर्यंत तावातावाने भांडायचे आणि काहीही न ठरवता उठायचे. इंजिनीअरबाईंनी हात जोडले, डाफरल्या, नोटिसा चिकटवल्या. दोघं ढिम्म.

आज त्यांनी भावाला तातडीने बोलावून घेतलं आणि दोघांना ढिगाऱ्यापाशीच आणून उभं केलं. "बघा! डोळे फाडून बघा!"

भावाने चेपलेला पाळणा पाहिला. त्याचा चेहरा उतरला. मुकाट्याने त्याने संमतीवर सही केली. "ताई म्हणेल तसे वाटे करा. माझी हरकत नाही."

ताईने पेन घेतलं. हात मात्र तसाच थांबला.

"अहो, आता काय राहिलं?" इंजिनीअरबाई कडाडल्या. "सगळं तुमच्या मनासारखं झालं ना? आणखी कुणाच्या जिवावर उठायचंय?"

ताईने आईच्या कडेवरच्या बाळाकडे पाहिलं आणि सही केली. मग मान खाली घालून भावाला म्हणाली, "झालं. मिटलं भांडण. आता कशाला येशील तू इकडे?"

इंजिनीअरबाईंना दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली.

भावाने ढिगाऱ्यातली एक वीट उचलून बाजूला ठेवली.

"हे तू विचारतेस, ताई?" तो म्हणाला. "मग मी इतकी वर्षं खुसपटं कशासाठी काढत होतो गं?"