वेगळं अंथरूण

“शुक्राणू कमी आहेत खरे, पण हा उन्हाळ्यातला रिपोर्ट आहे. काही पुरुषांचे थंडीत सुधारतात. थंडी वाया घालवू नका,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. “नाही घालवणार,” असा शब्द वैजयंतानं दिला होता. दिगंबर, तिचा नवरा, जिना उतरताना एवढंच म्हणाला, “आईला यातलं काही कळू देऊ नकोस.”

आता थंडी पडली, आणि मार्गशीर्षही लागला.

“दिगूचं अंथरूण दुकानाच्या माळ्यावर टाकलंय,” सासूबाई म्हणाल्या. “मूल हवंय ना? मग महिनाभर वेगळं निजायचं, तसा महालक्ष्मीला नवस बोललेय मी. गेल्या वर्षी तुझंच काहीतरी चुकलं असणार.”

“अहो आई, गेल्या वर्षीही हेच...” वैजयंता अडखळली. पुढे बोलावं तर नवऱ्याचं गुपित फुटणार. आणि तो खाली मान घालून बशीतला चहा फुंकत बसलेला! ती बशीच हिसकावून घ्यावी, असं तिला वाटलं. ज्या दिवसांत आशा, नेमके तेच दिवस नवसात घालवायचे?

गुरुवारी तिनं उपास धरला, घट मांडला, महालक्ष्मीला हळदकुंकू वाहिलं. मग हलकेच म्हणाली, “देवी, उपास माझा, तो मी पाळीन. वेगळ्या अंथरुणाचं सासूबाई बोलल्यात, मी नाही.”

दुपारी सासूबाई घोरू लागल्या. दुकान आता चारपर्यंत बंद. वैजयंतानं दिगंबरचा डबा उचलला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि आवाज न करता कडी काढली.