जंगलातली लेक

आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. टीव्हीवरच्या स्पर्धेत तिची लेक जंगलात एकटीच तग धरून होती. भिजून चिंब झालेली पोर काड्यांवर काड्या घासत होती, पण जाळ काही केल्या पेटेना. शेवटी तिने काड्या भिरकावल्या आणि कॅमेऱ्याकडे बघून हुंदका दिला, "आई, मला खूप भीती वाटतेय गं!"

आई ताडकन उठली.

"बंद कर ना ते!" सोफ्यावर शेजारीच बसलेली लेक रिमोटवर झेपावली. "शूटिंग केव्हाच संपलंय. आलेय ना मी घरी?"

आईने रिमोट घट्ट धरला.


"तू गप्प बस. तुला कधीही विचारलं तरी 'मस्त होतं' एवढंच सांगतेस. तिला बोलू दे."