एक रस्ता सोडून

"हा एवढा राहिला," कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवत पोस्टमास्तरकाका म्हणाले. "बाकी सगळे महामार्ग हातावेगळे झाले."

धाकटीने वाकून बघितलं. नकाशावरच्या निळ्या रेघांच्या जाळ्यात एकच फट होती. तिचं एक टोक याच शहरात होतं आणि दुसरं थेट धाकटीच्या घरापाशी.

वडील जाऊन महिना झाला होता. त्यांचा कॉम्प्युटर मंडळाला द्यायला ती आली होती. मंडळ म्हणजे चार निवृत्त माणसं, त्यातली शेवटी उरलेली दोन, काका आणि बाबा. उपग्रहाचे फोटो बघायचे, प्रत्येक फाट्यावर, पुलावर, वळणावर टिंब ठेवत महामार्गाची फाईल करायची आणि ती लोकांना फुकट वापरू द्यायची. पगार नाही, कौतुक नाही, वर पाठदुखी.

वडिलांनी एकट्याने एकशे बारा फाईली केल्या होत्या. एक टिंब रस्ता सोडून शेतात पडलं म्हणून त्यांनी अख्खी फाईल पुन्हा केली होती. असा माणूस एक रस्ता विसरेल?

"हा बाबांनी का नाही केला?" तिने विचारलं.

"नाही घेतला त्यांनी," काका चष्मा पुसत म्हणाले.

"कसा घेतील?" धाकटी म्हणाली. "मी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हाच म्हणाले होते, तुझ्या घराची पायरी चढणार नाही. नाही चढले. शब्दाचे पक्के."

"पक्के म्हणजे! माझं टिंब चुकलं की दोन दोन दिवस बोलायचे नाहीत."

"माझ्याशी सोळा वर्षं बोलले नाहीत, काका."

  मनातून तरी बाबांनी आपल्याला माफ केलं असेल, अशी महिनाभर ती स्वतःची समजूत घालत होती. आता ती आशाही मावळली. एवढ्या रस्त्यांतून त्यांनी नेमका तिचाच वगळला होता.

तिने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "मी करते ही फाईल. तुम्ही फक्त शिकवा. तिथेच राहते मी, डोळे मिटून काढीन."

"म्हणूनच तुला करता यायची नाही, पोरी. ज्या रस्त्याने आपण गेलो, त्याची फाईल आपण करायची नाही, असा नियम आहे मंडळाचा. ओळखीचा रस्ता दिसला की माणूस फोटो बघतच नाही, आठवणीतून टिंबं ठेवतो. मी एकदा पडलेला पूल उभा दाखवला होता! तेव्हापासून प्रत्येकाने आपण गेलेले रस्ते तारखेसकट वहीत लिहायचे आणि त्यांच्या फाईली दुसऱ्याने करायच्या. या रस्त्यावरच्या टपाल कचेऱ्यांत माझी अख्खी नोकरी झाली, म्हणून मलाही तो बंद."

"मग बाबांना काय अडचण होती?" तिचा आवाज चढला. "ते तर एकदाही आले नाहीत!"

काका थोडे घुटमळले. "सांगू नका म्हणाले होते," ते पुटपुटले. मग उठून त्यांनी कपाटातून वडिलांची वही काढली आणि तिच्यापुढे उघडून ठेवली.

अख्खं पान त्याच महामार्गाचं होतं. बारीक, सरळ अक्षरात एकाखाली एक सव्वीस तारखा. प्रत्येक तारखेपुढे, कुठवर गेलो या रकान्यात, तिच्या गल्लीचं नाव.

पहिली तारीख तिच्या मुलीच्या जन्माची होती.