दोन चित्रांच्या मधलं

पडद्यावर प्रकाश चालत होता. पाण्यानं भरलेली एक बाटली आडवी ठेवलेली, आणि तिच्या बुडाकडून झाकणाकडे उजेडाचा एक गोळा सरकत निघालेला. अगदी सावकाश, गोगलगाय निघावी तसा.

नाशिकच्या एका कॉलेजचा हॉल आधी गप्प झाला, मग एकदम टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "एआय आहे हे!" हशा पिकला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं तिन्हीसांजेच्या दिव्याला जोडावेत तसे हात जोडले. एका मुलीनं विचारलं, हे मोबाइलमध्ये कधी येणार?

"एआय नाही, खराखुरा प्रकाश आहे," संजना मॅडम हसून म्हणाल्या. त्या तिथं फिजिक्स शिकवत. "हे टिपणारा कॅमेरा एका सेकंदाची लाख कोटी चित्रं करतो. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही."

या शेवटच्या वाक्याला वाल्मीक उठून उभा राहिला.

वाल्मीक पिंपळगावच्या कांदा मार्केटात मापाडी. प्रकाश चालतानाचा व्हिडिओ त्याला मार्केटातल्याच ग्रुपवर आला होता. बाकीच्यांनी गंमत म्हणून पाहिला आणि पुढं पाठवला. त्यानं मात्र तो कितीदा तरी पाहिला, आणि त्या कॅमेऱ्यावर नाशिकच्या कॉलेजात कार्यक्रम आहे हे कळताच बायकोला घेऊन तिथं गाठलं. उज्वला आत काही आली नाही. "तुम्ही या जाऊन. मला नाय बघायचं," म्हणून ती बाहेर पायरीवरच बसली.

कुणीतरी वाल्मीकच्या हातात माइक दिला. स्वतःचा आवाज हॉलभर घुमलेला ऐकून तो दचकला.

"मॅडम, माझी पोरगी होती. निकिता. हायवेला फाट्यावर उभी होती, पॅकहाऊसला कामावर न्यायला गाडी यायची होती. समोरच्या पंपावर कॅमेरा हाय. त्याच्यात एका चित्रात ती कडंला उभी दिसते. पुढच्या चित्रात ती नाय. नुसता ट्रक." "पोलीस म्हणे, कॅमेरा जुना हाय, मधलं आलंच नाय त्याच्यात."

पुढच्या रांगेतली म्हातारी मागं वळून बघू लागली.

"तिची सोयरीक मोडली होती. म्हणून लोक म्हणतात, तिनंच..." खिशातून मोबाइल काढून त्यानं उंच धरला. "हे आणलंय मी. तुमच्या कॅमेऱ्यात घालून मधलं तेवढं दिसंल का? ट्रक तिच्यावर आला, का ती ट्रकखाली गेली? एवढंच बघायचंय. बाकी काय नाय."

संजना मॅडमनी आपला माइक टेबलावर ठेवला आणि त्या स्टेजवरून उतरून त्याच्याजवळ आल्या.

"काका, नाही हो होत तसं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्या वेळी जे टिपलंच गेलं नाही, ते नंतर कुठल्याच यंत्रातून निघत नाही. आणि आत्ता तुम्ही पाहिलात ना, तो प्रकाशसुद्धा एक नाही. तसाच प्रकाश लाखो वेळा सोडला, दर वेळी थोडं थोडं टिपलं, मग ते सगळं जोडलं. या कॅमेऱ्यासाठी तीच गोष्ट जशीच्या तशी पुन्हा पुन्हा घडावी लागते."

"पुन्हा पुन्हा?"

"हो काका."

"नको, नको," तो घाईघाईनं म्हणाला, जशा काही मॅडम आत्ता ते करायलाच निघाल्या होत्या. "एकदा झालं तेवढं बास."

कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला. तो त्याला दिसलाच नाही. माइक खुर्चीवर ठेवून तो दाराकडं निघाला. लोकांनी पाय आवरून वाट दिली.

दारातून उज्वला पाठमोरी दिसत होती. पोरगी गेल्यावर भेटायला येणाऱ्या बायका काहीबाही विचारत, तेव्हा ती चहा ठेवायच्या निमित्तानं उठून जायची. हिला काय सांगायचं? वाल्मीक दारात जरा वेळ थांबला. मग जाऊन तिच्या शेजारी बसला.

"दिसलं," तो म्हणाला. "मॅडमनी दाखवलं. मधलं सगळं दिसलं."

उज्वला समोरच्या रस्त्याकडं बघत होती.

"उभीच होती गं ती. जागची हलली नाय. गाडीची वाट बघत होती. ट्रकच कडंला घुसला." बोलता बोलता त्याचा आवाज मोकळा होत गेला. आपलंच बोलणं कानावर पडताना त्याला ते खरं वाटू लागलं. "आता कोण काय म्हणतं ते बघतोच मी. तू पण मनातून काढून टाक. पोरीनं काय केलेलं नाय."

उज्वलानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

"माझ्या मनात कधी होतं?" ती म्हणाली. "मला ठाऊकच होतं. मला वाटलं, तुम्ही लोकांना दाखवायला चाललाय."

वाल्मीकनं हातातला मोबाइल खिशात घातला.

"म्हणजे तुम्हालाच बघायचं होतं व्हय?"

'नाय' म्हणायला त्यानं तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं. त्यानं तिच्या हाताकडं हात नेला, तिनं तो हळूच बाजूला केला. आणि निकिता गेल्यापासून चार माणसांत जिनं डोळ्याला पदर लावला नव्हता, ती उज्वला त्या परक्या गावच्या पायरीवर मोठमोठ्यानं रडू लागली.