एल्लम्माच्या विहिरीचा अहवाल

"पानी अच्छा है अम्मा. कंप्यूटर में देखे," असं सांगून आदर्शनं अहवालावर एल्लम्माचा अंगठा घेतला आणि कागद घाईघाईनं बॅगेत कोंबला.

कंप्यूटर बिचारा पहिल्यांदा खरंच बोलला होता. औषधाच्या कारखान्याचं सांडपाणी जमिनीखालून कुठवर पोचेल, हे दाखवणारं मॉडेल आदर्शनंच बनवलेलं. पडद्यावरचा लाल डाग थेट या विहिरीवर येऊन बसला. तेव्हा हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या ऑफिसात, कारखान्यांना असे अहवाल करून देणाऱ्या कंपनीचे मालक हणमंतराव त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. परवान्यांची कटकट संपल्यापासून हैदराबादभोवती कारखाने कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवत होते, आणि प्रत्येकाला अहवाल कालच हवा होता.

"पाण्यातलं औषध जमिनीत विरायला साठ दिवस कायकू धरले हो? वीस धरून टाका."

आदर्शनं वीस धरले. डाग मुकाट्यानं मागं सरकून गावाच्या अलीकडं थांबला.

पाणी चांगलं म्हटल्यावर एल्लम्मा खुलली. तिनं विहिरीतून ताजं पाणी काढलं, ग्लास दोनदा घासला आणि काठोकाठ भरून पुढं केला. "पियो साब, धूप में आये."

"नक्को अम्मा. प्यास नै."

मे महिन्याचं ऊन होतं. त्याच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. एल्लम्मानं त्या पाहिल्या. ग्लास तसाच धरून तिनं हलकेच विचारलं, "हम नीची जात के करके नै पीते क्या साब?"

आदर्शचे कान तापले. त्याची आजी केसरबाई मराठवाड्यात पाटलाच्या विहिरीपाशी ओंजळ करून उभी राहायची, कुणी वरून ओतेल म्हणून. अम्मा, मीही तुमच्यातलाच, एवढं सांगायला काय लागत होतं? पण मग पाणी का नको, तेही सांगावं लागलं असतं. त्याला स्वतःची शरम वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बॅगेची चेन ओढून बंद केली.

एल्लम्मानं ते पाणी वाया नको म्हणून स्वतःच पिऊन टाकलं. तो बघत राहिला.

मग ती समोरच्या दुकानात गेली आणि कोल्ड्रिंकची बाटली घेऊन आली. बाटली तिनं पदरात गुंडाळून धरली होती.

"सील है साब. हाथ नै लगाई. अब पियो."

आदर्शनं बाटली घेतली आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.