मांडलेलं ताट

"आधी तेजल," म्हणत भाऊसाहेबांच्या प्रचाराला आलेल्या ललितनं भंडाऱ्याचं ताट तिच्यापुढं धरलं.

तेजलनं एका कडेवरची पोर उगाच दुसऱ्या कडेवर घेतली. तिच्यामागं गल्लीतल्या बाया उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, गप्प. ताटात पिवळाधमक भंडारा, वर बेलाची पानं, मधोमध नारळ. भंडारा उचलायचा आणि म्हणायचं, मत भाऊसाहेबांनाच. पण एकदा उचलला की शब्द मोडायचा नाही, हे अंबडच्या कारखान्यांमागच्या त्या पत्र्यांच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साड्या वाटून झाल्या होत्या. साडीचा भरवसा नव्हता.

"दुकानातला नाही हं मावश्यांनो," ललित साऱ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "सकाळी देवळाली कॅम्पला जाऊन आलो. खंडोबाच्या टेकडीवर पायाशी लावून आणलाय. खोटी शपथ घेणारीचं काय होतं, ते मी सांगायला नको."

यंदा वस्तीनं आपली भिमाबाई उभी केली होती, अपक्ष. बायांनी आपसात ठरवलं होतं, ते कुठूनतरी ललितच्या कानावर गेलं होतं.

तेजलचा हात पुढं झाला.

"थांब गं पोरी."

नवसाबाई आपल्या उंबऱ्यात वाती वळत बसली होती. रविवारचा उपास, तोंडात पाण्याचा थेंब नाही. आवाज नेहमीसारखाच हळू.

"असा कसा उचलायचा, भाऊ? कोणाचे हातपाय धुतलेले नाय. देवाचं हाय ना ते? आण इकडं. आधी देवापुढं मांडते."

ललितचा चेहरा खुलला. नवसाबाईचा रविवार कधी चुकला नव्हता. तिच्या हातून ताट मांडलं गेलं, की बाया मतदानाच्या दिवशी दुसरीकडं बोट न्यायला धजणार नाहीत. त्यानं दोन्ही हातांनी ताट तिच्या हाती दिलं.

ती आत गेली. देवघर म्हणजे भिंतीला ठोकलेली एक फळी, तिच्यावर कुलदैवताचा टाक. तिनं ताट टाकापुढं ठेवलं, नव्या वातीनं दिवा लावला, हात जोडले. देवाच्या नावानं खोटं बोलायचं नव्हतं. म्हणून दिवा लावतानाच तिनं मनोमन नेम धरला, खराखुरा. देवा, माझ्या पोटात कपट असेल तर मला बघ, बायांना सोड.

मग रिकाम्या हातानं बाहेर आली.

"झालं," ती म्हणाली.

"झालं काय? ताट आणा की."

"आता कसं येईल? मांडलं ते. सव्वा महिन्याचा नेम बोलले मी. तोवर दिवा इझायचा नाय, ताट हलायचं नाय."

"सव्वा महिना? अहो, मतदान गुरुवारी आहे!"

"हो का?" नवसाबाईनं पुन्हा कापूस हातात घेतला.

मागं कुणीतरी पदराआड हसलं. ललितनं आवाज चढवला. "दुसरं ताट आणतो!"

"टेकडीवरून आण बरं," एक म्हातारी म्हणाली. "दुकानातला नको. तूच बोल्ला आता."

तो नवसाबाईपाशी येऊन वाकला. "मावशी, तुमच्या पत्र्याला घरपट्टी लागायची आहे अजून. उद्या पाडायला आले, तर कोण उभं राहणार?"

"मागं आले होते ना. भिमाबाई उभी राह्यली होती, जेसीबीपुढं," ती म्हणाली. "तू नव्हता बाळा त्या टायमाला."

ललित ताठ झाला आणि सरळ आत निघाला.

"चपला," नवसाबाई म्हणाली.

त्यानं चपला काढल्या. बाया दारात गोळा झाल्या. अंधाऱ्या खोलीत दिव्याची ज्योत आणि तिच्या उजेडात ते पिवळं ताट. ललितनं हात पुढं केला.

नवसाबाईनं त्याला अडवलं नाही. "ने. मांडलेलं मोडायचं असंल तर तुझ्या हातानं मोड. आम्ही कोणी हात लावणार नाय."

हात ताटाच्या काठाशी आला आणि तिथंच राहिला. गल्लीत कुठंतरी प्रचाराची रिक्षा भाऊसाहेबांचं नाव ओरडत होती. ललितनं ज्योतीकडं पाहिलं, टाकाकडं पाहिलं. मग लहानपणापासून लागलेल्या सवयीनं असेल, त्याची बोटं भंडाऱ्यात बुडाली आणि कपाळाला गेली.

"आता तुम्हीच उचललात की भाऊ," दारातून तेजल म्हणाली. पोर आता एकाच कडेवर होती. "बोला मग. आमच्या गल्लीत नळ कधी?"

ललित बायांमधून वाट काढत बाहेर आला, पायांनी चपला चाचपडल्या, एक उलटीच घातली गेली. कपाळावरचं पिवळं पुसावं म्हणून त्यानं रुमाल काढला, पण पुसलं नाही. रुमाल तसाच हातात धरून तो गल्लीच्या टोकाला गेला.

बाया पाणी भरायला पांगल्या. नवसाबाईनं कोपऱ्यातली तेलाची बाटली उचलून हलवून पाहिली, आणि दिवा काठोकाठ भरला.