बाकावरची चूक

"दादा, हे काय कोरून घेतलंस?" मृणालने बाकाच्या पाठीवरची पितळी पाटी रुमालाने पुन्हा पुन्हा पुसली. चूक काही पुसली गेली नाही.

नाशिकहून लेस्टरला आलेल्या त्यांच्या आईने चर्चच्या मागच्या खोलीत जन्मभर दर रविवारी मराठी शाळा चालवली. पोरांच्या ऱ्हस्व-दीर्घापायी घसा कोरडा केला. आता बागेतल्या या बाकावर तिच्याच मुलाने तिच्या नावाखाली कोरून घेतलं होतं : 'स्मृतीप्रित्यर्थ'.

"दोन्ही वेलांट्या आहेत ना?" शिरीषदादा म्हणाला. "जागा बदलल्यात फक्त."

"पेशंटचे गुडघे असेच बसवतोस का रे? उजवा डावीकडे?"

"अगं, इथं वाचणार कोण? इंग्रज?"

तेवढ्यात कुत्र्याला फिरवणारे एक टकले गृहस्थ थांबले. आईचा जुना विद्यार्थी. पाटी वाचून त्यांनी दुखवट्यालाही केला नव्हता एवढा दुःखी चेहरा केला.

"बाईंच्या वर्गात याला काय शिक्षा होती, आठवतं ना?"

मृणालने कपाळावर हात मारला. एक नीट लिहीत नाही, दुसरा विषय मिटू देत नाही! पण दादाने निमूटपणे बूट काढले, आणि पन्नाशी उलटलेला तो हाडांचा सर्जन कुरकुरत्या गुडघ्यांनिशी बाकावर चढून हाताची घडी घालून उभा राहिला.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"आई उतर म्हणेपर्यंत!" मृणाल कडाडली.

दादा उतरलाच नाही.